देवूच्या नावावर

देवूची शू कपड्यांतच होत राहिली, तर त्यात श्यामसुंदर घाडीगावकरांचा फायदा होता. आजोबांनी नातवाबद्दल असं मनात आणावं हे बरं दिसत नाही, पण फायदा होता तो होता. घरात अडीच वर्षांचं पोर ओलं करतंय, तोवर सोफ्यावरचा डाग कुणाचा हे कोणी विचारत नाही.

त्या सकाळी सुनेनेही विचारलं नाही. दीप्तीने सोफ्याची गादी उचलली, वास घेतला आणि सरळ पोराला हाक मारली.

"देवू, इकडे ये. हे काय?"

देवू कुकरची शिट्टी हातात घेऊन आला. डागाकडे बघून म्हणाला, "आबाची."

"काय आबाची?"

"शू."

दीप्तीला हसू आलं, ते तिने दाबलं. "स्वतः करायची आणि आबांचं नाव सांगायचं? बाबा, ऐकलंत? तुमच्यावर ढकलतोय."

श्यामसुंदर खिडकीपाशी पेपर धरून बसले होते. पायजमा नुकताच बदललेला. "लहान आहे," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. देवू लहानच होता.

भांडुपच्या पंपांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म स्टोअरकीपर म्हणून काढला. माल कमी भरला की तिथे दोन वाटा असत. चोर शोधायचा, नाहीतर तूट अशा खात्यावर टाकायची जे उलट बोलत नाही. वॉशर आणि ग्रीसने कधी तक्रार केली नाही. निवृत्त होताना साहेबांनी शाल घालून सांगितलं, असा स्वच्छ माणूस झाला नाही. तीच सवय ते घरी घेऊन आले. फक्त इथलं खातं नुकतंच बोलायला शिकलं होतं.

जूनमध्ये देवूला प्लेस्कूलमध्ये घालायचं होतं आणि शाळेची अट होती, डायपर चालणार नाही. दीप्तीचं घरून काम संपून अंधेरीचं ऑफिस सुरू होणार होतं. ती म्हणाली, "बाबा, सकाळी तुम्हीच बसवत जा ना त्याला. माझे कॉल्स असतात." त्यांची बायको कुंदा असती तर हे काम तिचं, पण ती नातवाचं तोंड बघायच्या आधीच गेली. श्यामसुंदर हो म्हणाले. ज्याच्याकडे काम असतं त्याची घरात जागा असते, एवढं त्यांना कळत होतं.

त्यांच्या आईने गावी त्यांना बसवलं, तसंच त्यांनी देवूला बसवलं. आपण बुटक्या स्टुलावर, पोर आपल्या दोन पावलांवर उकिडवं, आणि तोंडाने बारीक "शूऽऽऽ". देवूला यातलं मर्म कळायला बरेच दिवस लागले. श्यामसुंदरना पहिल्याच दिवशी कळलं. आईने लावलेलं वळण अंग विसरलं नव्हतं. तोंडातून आवाज निघाला की आधी त्यांचंच सुटायचं. पोर मागे वळून आजोबांच्या पायजम्याकडे बघायचं, खूश व्हायचं आणि मग स्वतः करायचं. दोघांचं छान जमलं होतं. वर बादलीभर पाणी ओतलं की मोरी कुणाचं काय ते सांगत नाही.

पण मग ते वळण मोरीबाहेर आलं. कुकरची वाफ सुटली, शेजारच्यांचा नळ सुरू झाला, की श्यामसुंदर जागच्या जागी घट्ट व्हायचे. कधी जमायचं, कधी नाही.

"बाबा, तुमच्या खोलीत कसला वास येतोय?"

"डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा. वारा फिरलाय."

कांजूरमार्गला हे उत्तर कोणालाही पटतं.

त्यांना भीती होती ती चौथ्या मजल्यावरच्या सहदेव मांजरेकरांमुळे. मांजरेकरांचं एकदा लिफ्टमध्ये झालं. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली. दोघांनी मिळून नेरळच्या वृद्धाश्रमात त्यांची सोय केली. सोसायटी म्हणाली, काय छान सोय आहे. श्यामसुंदर भेटायला गेले, तेव्हा मांजरेकरांनी दाराकडे बघत हळूच विचारलं, "घाडी, माझी खुर्ची हा मरे थंय?" खुर्ची तेव्हा जिन्याखाली भंगारवाल्याची वाट बघत होती. "हा, आहे तिथेच," श्यामसुंदर म्हणाले, आणि घरी परतल्यावर आधी आपली खुर्ची जागेवर आहे का ते बघितलं.

मे लागला आणि देवू शिकला. खेळ टाकून मोरीकडे धावायला लागला, झाल्यावर स्वतः तांब्या ओतायला लागला. घरात टाळ्या वाजल्या. श्यामसुंदरनीही वाजवल्या.

दीप्तीला मात्र कोडं पडलं. "बाथरूममध्ये बरोबर करतो, मग सोफ्यावर का? गादीवर का?" ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलं, मुलं मुद्दाम करतात, लक्ष वेधायला. तिने धोरण कडक केलं.

"देवू, खरं सांग. आई ओरडणार नाही."

"आबाची."

"परत खोटं."

खोटं बोललं की कोपऱ्यात उभं राहायचं. तिसऱ्यांदा कोपरा झाला आणि तिने त्याला परत डायपर घातला. लावू नये म्हणून पोराने डायपरची पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती काही वाईट आई नव्हती; शाळेची तारीख जवळ आली होती आणि ऑफिस थांबणार नव्हतं. रात्री जेवताना देवूचा बाप हर्षद म्हणाला, "सोड ना यार. मी पण पाच वर्षांचा होईपर्यंत करायचो. हो की नाही बाबा?"

"हो," श्यामसुंदर म्हणाले. हर्षद दीड वर्षाचा असतानाच शिकला होता. पण आता एका तुटीत दुसरी मिसळली तर कोण मोजतंय?

देवूने आपला उपाय शोधला. पाणी प्यायलं की शू होते, शू झाली की कोपरा. त्याने पाणी सोडलं.

हे पहिल्यांदा श्यामसुंदरच्याच लक्षात आलं. दुपारी पंख्याखाली घाम निथळत होता. त्यांनी पेला पुढे केला, पोराने ओठ आत ओढून घेतले.

"दोन घोट पी, राजा."

"नको."

"आबा सांगतो ना."

"शू येते," देवू म्हणाला. "मग आई ओलडते."

श्यामसुंदरनी पेला खाली ठेवला. पोराचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनी मागून बोटाने पाणी लावून पाहिलं, त्याने तेही पुसून टाकलं. दीप्तीला हाक मारावी, असं त्यांच्या जिभेपर्यंत आलं. हाक मारली तर ती का म्हणून विचारेल. ते पेल्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर तापाने फणफणलं. दीप्तीने डायपर काढला आणि तिचा आवाजच बदलला. "बाबा, सकाळपासून कोरडा आहे हा."

रिक्षात देवू आईच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. डोळे अर्धवट उघडे. श्यामसुंदर बाजूला बसून त्याचा तळपाय धरून होते. पाय जळत होता. आयुष्यात त्यांनी किती माल गहाळ होताना पाहिला. असा हातातून जाताना नाही.

डॉक्टर रुचिरा यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, चमच्याने पाणी सुरू केलं. "लघवी दाबून ठेवतोय, पाणी टाळतोय. इन्फेक्शन झालंय. औषधाने जाईल, पण अजून एक दिवस थांबला असतात तर ॲडमिट करावं लागलं असतं. घाबरलंय पोर. घरी ओरडतं का कोणी?"

"मी," दीप्ती म्हणाली. ती रडायला लागली. "मीच ओरडते."

"यापुढे कुठेही करू दे. अजिबात बोलायचं नाही त्याला."

हिशेब बघितला तर श्यामसुंदरना यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. डाग देवूच्याच नावावर राहिला असता आणि वर डॉक्टरांचा हुकूम, कोणी काही बोलायचं नाही. गप्प बसलं की झालं. एवढं स्वस्तात कोणाला सुटता येतं?

"सोफ्यावरची माझी होती," ते म्हणाले.

दीप्तीने डोळे पुसता पुसता वर पाहिलं.

"गादीवरची पण. तो खरं सांगत होता."

डॉक्टर चिठ्ठीवर खाली बघून लिहीत राहिल्या. दीप्तीने देवूला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. सासऱ्यांपासून लांबच्या. "सांगायचं ना बाबा," ती म्हणाली.

त्यांना प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू झाल्या. हर्षद म्हणाला, यात लाजण्यासारखं काय आहे, आणि म्हणताना टीव्हीकडे बघत होता. देवूला बसवायचं काम त्यांच्याकडून कोणी काढून घेतलं नाही. दीप्ती फक्त लवकर उठून ते करून टाकू लागली. देवूच्या गादीवरचं प्लास्टिक आजोबांच्या चादरीखाली आलं. "परत झालं तर लपवू नका हां," ती एकदा मायेने म्हणाली. "मग आपण बघू काय करायचं ते." त्या 'बघू'ने श्यामसुंदरची झोप गेली.

शाळा सुरू झाली. सकाळी निघता निघता दीप्ती दारातून विचारायची, आधी पोराला, मग सासऱ्यांना, एकाच सुरात.

"देवू, गादी कोरडी?"

"कोलडी."

"बाबा, तुमची?"

श्यामसुंदर हो म्हणायचे, आणि बहुतेक वेळा ते खरं असायचं.

एका सकाळी नव्हतं. ते गुडघे जवळ घेऊन पलंगावर बसले होते. दारात दीप्ती, खांद्याला बॅग, खाली रिक्षा थांबलेली. "बाबा?" तिने परत विचारलं.

देवू गळ्यात पाण्याची बाटली घालून आत आला आणि पलंगाशी उभा राहिला. त्याने चादरीवर तळवा ठेवला. तळवा तिथेच राहिला. त्याने आजोबांकडे पाहिलं, मग दाराकडे वळून आईला सांगितलं, "आबाची कोलडी."

"शहाणा माझा. चल."

म्हणजे एवढ्या सगळ्यात श्यामसुंदरची खोली राहिली, खुर्ची राहिली. भरणा केला देवूने. खरं बोलून मार बसत नाही पण कोपरा मिळतो, हे शिकलेल्या त्या पोराने आपलं पहिलं खोटं आजोबांसाठी खर्ची घातलं, आणि ओला हात युनिफॉर्मला पुसून शाळेला गेला.