बाळंतिणीच्या तोंडावरचं तेज

बाहत्तर सालचा पौष होता. जामखेडच्या पुढच्या एका वाडीतले पुरुष दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते आणि छबूबाई सुनेला शेक लावण्यात गुंतली होती. विजयमालेला मुलगा झाला, तेव्हापासून सासूचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

बाळंतिणीच्या खोलीत जायची मुभा फक्त सुईण झुंबरबाईला. घरच्यांनी शिवायचं नाही. म्हणून छबूबाई उंबऱ्याबाहेरून काठीने निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली ढकलायची आणि दार ओढून घ्यायची. झरोक्यात तिने चिंध्यांचा बोळा कोंबला होता. आपल्याकडे विटाळ माणसाच्या आड येतो, निखाऱ्याच्या येत नाही.

"आत्याबाई," आतून विजयमाला म्हणाली, "डोकं लई ठनकतंय. मळमळतंय. दार जरा उगडं ठिवा."

"वारं शिरलंय तुज्या अंगात. गप पडून ऱ्हा." छबूबाईने शेगडीत आणखी कोळसे घातले. तिच्या लेखी ही मायाच होती.

शेक चालू असेपर्यंत बाळ बाहेर झुंबरबाईपाशी असायचं. दुपारी ती त्याला अंगणात न्हाऊ घालत होती. छबूबाईने दार किलकिलं करून पाहिलं. सुनेचा डोळा लागलेला, गाल गुलाबी, ओठ आणि नखं लालचुटूक. फिकुटलेली पोर कशी उजळली होती.

"झुंबरे, शेक अंगी लागला बग. कसं तेज चढलंय," ती हरखून म्हणाली आणि दार पुन्हा लावून घेतलं.

बाळ भुकेने रडू लागलं तसं झुंबरबाई त्याला आत घेऊन गेली, ती तशीच बाहेर आली. "आक्का, ही उठंना."

मग कसला विटाळ आणि कसलं काय. छबूबाई आत धावली. तिचंही डोकं गरगरलं. दोघींनी विजयमालेला ओढत अंगणात आणलं. खडीच्या ट्रकात घालून तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ऑक्सिजनची नळी लावली, दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला, नख दाबून रक्त परततं का ते पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. "खोलीत शेगडी होती?"

"व्हय. झरोका बुजवला हुता."

"कोळशाचा वायू रक्तात भिनलाय, आजी. मग रक्ताला हवा धरता येत नाही. वरून माणूस लाल दिसतं, आत गुदमरत असतं."

"मंग माजं रगत घ्या. समदं घ्या, पन हिला उटवा." छबूबाईने बाही वर सारली.

डॉक्टरांची बोटं विजयमालेच्या नाडीवर बराच वेळ राहिली. मग त्यांनी तो हात हळूच चादरीखाली ठेवला.

संध्याकाळी वाडीत मयताला हळदकुंकू लावायला बायका जमल्या. "सवाष्ण गेली, नशीबवान," एक म्हणाली. "तोंडावरचं तेज तर बगा."

छबूबाई तोवर रडली नव्हती. "तेज न्हाई ते," ती म्हणाली. "दार उगडं ठिवा म्हनली हुती. मी तिची हवा कोंडली, आन् रंग बगून हरकले. तुमच्या घरात निखारं आसतील तर आत्ता भायेर काढा."

म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बायडाबाई मात्र कुणाकडेच बघत नव्हती. तिची सून कालच बाळंत झाली होती. हातातली कुंकवाची वाटी तिथेच टाकून ती घराकडे पळत सुटली.