वरच्या शेतातला खड्डा

माझं शेत उंचावर. कारखान्याचं पाणी तिथवर चढत नाही, म्हणून मी विहिरीवर भागवते. खालच्या सगळ्यांना रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी फुकट मिळतं, आणि फुकट म्हटलं की आमचे धाकटे भावजी सर्वांत पुढे. त्यांच्या पाटाला कधी जांभळं पाणी, कधी हिरवं. माती पांढरी पडून कडक झाली, तरी म्हणायचे, "रंग आहे म्हणजे दम असणारच." स्वतःच्या पोरांना भाजी मात्र माझ्या शेतातली न्यायचे.

मग भाजीच्या व्यापाऱ्याने सगळ्यांना माती तपासून आणायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात खालच्या लोकांना फुलझाडांचं वेड लागलं. भावजी पिशवी घेऊन आले.

"वहिनी, कुंडीपुरती माती द्या ना."

जन्मात कुंडीला पाणी न घातलेला माणूस, पण मी भोळी, दिली. त्यांच्यामागून सगळी आळी आली. माझ्या बांधाजवळ गुडघाभर खड्डा पडला.

सगळ्यांचे अहवाल झकास आले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी भावजींशी बोलणं टाकलं. त्यांना ते सोयीचंच पडलं.

पण अहवाल कारखान्यातही पोचले. तिथला साहेब पाइप आणि मजूर घेऊन माझ्या बांधावर हजर.

"आमच्या पाण्याने सगळ्यांची माती इतकी छान झाली, तुम्हीच का मागे? पंप लावून वर चढवतो."

हे शेत नासलं तर दोन्ही घरांनी खायचं काय?

साहेबाला खड्डा दिसला. "हा कशाचा?"

"भावजींना विचारा," मी म्हणाले.

पाइप बघायला जमलेल्या आळीत तेही होते. मजुराने कुदळ उचलली तेव्हा भावजी मध्ये आले.

"थांबा साहेब. माझी माती माझ्या शेतातच आहे. ती कुणी तपासलीच नाही."

"मग तपासली ती कुठली?"

भावजींनी खड्ड्याकडे बोट दाखवलं. साहेबाने पाइप परत गाडीत भरायला सांगितले.

व्यापाऱ्याने भावजींचा कोबी घेतला नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं. संध्याकाळी ते डोक्यावर पोतं घेऊन आले.

"वहिनी, चुकलं माझं. तुमचा खड्डा बुजवून देतो."

"माती कुठली आणलीत?"

भावजी पोतं घेऊन तसेच मागे फिरले.