पिस्तुलाची आंघोळ

भरसभेत गोळी लागून मंत्री गेले त्याला बावीस वर्षं झाली, तरी पिस्तूल एक होतं की दोन, हा वाद मिटला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी तेव्हाच लिहून दिलं होतं, की गोळी जप्त केलेल्या पिस्तुलातलीच. आता चौकशी पुन्हा उघडली, आणि त्यांचेच शिष्य, आमचे आताचे साहेब, तपासायला बसले.

चौकशी आयोगाचा हुकूम होता, नव्याने गोळ्या झाडा. पिस्तुलातून पाण्याच्या टाकीत गोळी झाडायची, मंत्र्यांच्या अंगातून काढलेल्या गोळीशेजारी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. नळीतून जाताना पडलेले चरे जुळले, की पिस्तूल तेच.

चरे काही जुळेनात. साहेबांनी तीनदा गोळ्या झाडल्या. ज्यांनी हाताला धरून शिकवलं त्यांचाच अहवाल उद्या आयोगापुढे खोटा ठरवायचा, या विचाराने त्यांचा चहा तसाच निवला. मोठे साहेब ऐंशीचे, घरी बातम्यांना कान लावून बसलेले.

पुराव्यांची खोली माझ्या ताब्यात. साहेबांनी सहज विचारलं, मधल्या काळात पिस्तुलाला कुणी हात लावला का.

"मीच की. गंजू नये म्हणून तेल लावून तारेच्या ब्रशने आतून घासते."

रोज खोलीतली एक वस्तू लख्ख करायची, हा माझा नेम. पिस्तुलाचा वार गुरुवार.

"किती वर्षं, ताई?"

"बावीस."

साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे नळीतल्या खुणाच घासून गेल्या. खुन्यालासुद्धा एवढी सफाई जमली नसती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आठवलं तसं सांगितलं, त्याच फळीवर एक डबा आहे. त्यात मोठ्या साहेबांनी त्या वेळी टाकीत झाडलेल्या दोन गोळ्या.

"त्याही घासल्या असतील," साहेब म्हणाले.

"डबा फक्त बाहेरून पुसते. लाखेचं सील मोडायचं नाही, अशी मोठ्या साहेबांची ताकीद होती."

दुसऱ्या दिवशी आयोगासमोर सील फोडलं. गोळ्यांच्या बुडाशी मोठ्या साहेबांनी कोरलेली अक्षरं होती, आणि चरे मंत्र्यांच्या गोळीशी तंतोतंत जुळले. नंतर मला उभं करून ब्रशाबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. वकिलांनी तोंडाला रुमाल लावला.

संध्याकाळी मोठ्या साहेबांचा फोन आला. खूप हसले, मग थोडे रडले.

पिस्तुलाला आता कुलूप आहे. पण माझा नेम मोडायला नको, म्हणून गुरुवारसाठी साहेबांनी मला पाण्याची टाकी घासायला दिली आहे.