ग्रंथालयातले मशीन

पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेले खोडणे, हे माझे चौतीस वर्षांचे काम. ग्रंथालयात बाकीची कामेही केली, पण मन रमले ते यात. अकोल्याच्या जुन्या शहरातले आमचे वाचक पुस्तक मुकाट्याने वाचत नाहीत, समासात भांडतात. 'साफ खोटं.' 'हिला आधीच समजायला पाहिजे होतं.' 'पान ८२ वर रडू आलं.' मी रबर घेऊन बसायचो आणि खोडण्याआधी सगळे वाचून काढायचो. अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. तोच माणूस समोर येऊन उभा राहिला की मात्र माझी जीभ टाळूला चिकटायची. पुस्तक द्यायचे, शिक्का मारायचा, मान खाली.

गेल्या वर्षी वर्षाली ही नवी ग्रंथपाल अमरावतीहून आली. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "काका, आता लोकाईले लिहू द्यायचं."

तिने इंटरनेटवर ग्रंथालयाचे पान तयार केले. त्यात आमची सगळी पुस्तके, आणि प्रत्येकाखाली रिकामी जागा. सभासद क्रमांक टाकायचा आणि पुस्तकाबद्दल काय वाटेल ते लिहायचे.

"आणि खोडायचं कोणी?" मी विचारले.

"कोनीच नाई."

दोन दिवस मला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी लोणच्यांच्या एका जुन्या पुस्तकाखाली पार्बताबाई नावाच्या सभासदाने लिहिले, 'यात मीठ कमी सांगतलं हाये. या बाईनं वऱ्हाडातला उन्हाळा पाहेल नाई.' खाली तिघींनी त्यांना उत्तर दिले, एकीने कैरीचा फोटो टाकला. अकरा वर्षे कोणी हात न लावलेल्या त्या पुस्तकासाठी संध्याकाळपर्यंत सहा जणींनी नंबर लावले. चुकत मीच होतो बहुधा.

त्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी होती, 'ग्रंथालयाला विचारा'. कोणी काही विचारले की लगेच उत्तर द्यायचे. ते काम वर्षालीने माझ्याकडे दिले. "तुमाले सारं पाठ हाये. आन् इथं कोनी तुमच्या तोंडाकडे पाहात नाई."

दुसरे कारण मला पटले.

पण लिहायचे कसे? पुस्तक उशिरा आणणाऱ्यांना आम्ही पोस्टकार्ड पाठवत असू. आयुष्यात मी अनोळखी माणसांना लिहिले ते तेवढेच. तीच भाषा मी खिडकीत वापरली. पातूरच्या सूर्यभानने विचारले, 'बोंडअळीवर काई पुस्तक हाये का?' मी एका बोटाने उत्तर दिले, 'सविनय निवेदन की, मागितलेले पुस्तक कपाट सात, खालून दुसरी ओळ, डावीकडून चौथे. पाठीवर चहाचा डाग आहे. कळावे. आपले ग्रंथालय.'

म्हाताऱ्याला झोप कमी. पहाटे चारला उठून मी फोनवर रात्रीचे प्रश्न निकाली काढायचो. अशी भाषा, असला पाठांतराचा थाट आणि पहाटे चारला उत्तर. लोकांनी आपसात ठरवून टाकले की हे माणूस नाही, मशीन आहे.

मग ते मशीनची परीक्षा घेऊ लागले. फळवाल्या गोपालने लिहिले, 'मशीनभाऊ, लय हुशार असशीन तं सांग, माह्या बायकोनं शेवटचं पुस्तक कोनतं नेलं?'

मी प्रामाणिकपणे लिहिले, 'सविनय निवेदन की, सौ. दामिनी यांनी पतीस वळण लावण्याविषयीचे पुस्तक नेले असून दोनदा मुदत वाढवून घेतली आहे.'

गोपाल आठवडाभर खिडकीकडे फिरकला नाही. असे सांगायला नको होते, हे मला नंतर सुचले. मला सगळे नंतरच सुचते.

मी मशीन नाही, हेही तेव्हाच सांगायला हवे होते. पण खरे सांगतो, मला मशीन होणे आवडू लागले होते. मशीन चार वाक्ये बोलले तर लोक वाहवा करतात. मशीनचे कान लाल झालेले कोणाला दिसत नाहीत.

आमचे अध्यक्ष खुशालराव धान्याचे आडते. आवाज मोठा, मन त्याहून मोठे, फक्त कोणाचे पूर्ण ऐकून घ्यायची सवय नाही. ते साऱ्या बाजारात सांगत सुटले, "आमच्या ग्रंथालयात मशीन बसवलं. जे विचारान ते सांगते." मग एके दुपारी बैठकीत ते माझ्याकडे वळले.

"शालिकरामजी, लय केलं तुमी. एकाहत्तरचे झाले ना? आता मशीन आलं. तुमी आराम करा. रविवारी सत्कार ठेवू. जंगी!"

मी म्हणालो, "बरं."

वर्षालीने मला कपाटांच्या मागे गाठले. "काका! बरं काय म्हनता? मशीन तं तुमीच हाये!"

"अध्यक्ष बोलत होते."

"ते तं जन्मभर बोलत राहतीन. मी सांगतो त्यायले आत्ता."

मी हात जोडले. उत्तरे मशीनची आहेत म्हणून गोड लागताहेत, माझी म्हटल्यावर लोक त्यात चुका शोधतील, आणि सापडतीलही, असे मला वाटत होते. वर्षालीने हातातले पुस्तक कपाटात सरकवले. "ठीक हाये. मी नाई सांगत. पन कोनी विचारलं तं खोटंबी नाई बोलनार."

त्या दिवशी घरी जाताना मी मोर्णा नदीच्या पुलावर थांबलो. रविवारनंतर खिडकी बंद. वर्षाली एकटी किती उत्तरे देणार? आणि मी सकाळी अकराला आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून कुठे जायचे? हा प्रश्न खिडकीत विचारावा, तर उत्तर देणारा मीच.

रविवारी सकाळी वाचनकक्ष भरला. भिंतीवर पांढरा पडदा, त्यावर आमची खिडकी, दाराएवढी मोठी. मला मंचावर बसवले, हार घातला, शाल पांघरली, मांडीवर नारळ ठेवला. खुशालराव अर्धा तास बोलले, त्यात माझ्यावर पाच मिनिटे.

"आता प्रात्यक्षिक!" त्यांनी जाहीर केले. "काढा मोबाईल आन् विचारा मशीनले काई बी!"

पहिल्या रांगेत माणिकबाई होत्या. भाजी विकतात आणि भुताखेतांच्या गोष्टी वाचतात. त्यांनी नातीकडून टाइप करवून घेतले. पडद्यावर अक्षरे उमटली, 'मशीनभाऊ, जेवला का?'

लोक हसले आणि वाट पाहू लागले.

उत्तर कसे येणार? मशीन मंचावर नारळ धरून बसले होते.

एक मिनिट गेले. दोन गेली. "नेट गेलं असंन," खुशालराव म्हणाले. वर्षाली छताच्या पंख्याकडे पाहत होती. मागून कोणीतरी ओरडले, "मशीन लाजलं!" पुन्हा हशा, पण या वेळी ग्रंथालयाला हसणारा. तो मला सहन झाला नाही. मी शालीखाली खिशातून फोन काढला आणि कोणाला दिसणार नाही असे एक बोट चालवले.

'सविनय निवेदन की, यंत्रास भूक नसते.'

टाळ्या कडाडल्या. खुशालरावांनी असा हात फिरवला, जसे काही मशीन त्यांच्याच शेतात पिकले होते. आणखी तीन प्रश्न आले, तिन्ही सुटले. शालीखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. आता संपेल असे वाटले, तोच खुशालरावांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि मोठ्याने म्हणत लिहिले, "मशीन, आजपासून शालिकरामजी घरी बसतीन. त्यायच्याबिगर तुह्यं जमन ना?"

त्यांना 'होय' हवे होते. मी 'होय' लिहिले. बोट पाठवायच्या खुणेवर नेले आणि तिथेच थबकले. सभागृह पडद्याकडे पाहत होते. माझ्याकडे कोणीच पाहत नव्हते. मी 'होय' पुसले. जे लिहिले ते विचार करून लिहिले असे म्हणवत नाही.

'मले घरी नाई बसायचं.'

हातभर लांबीची अक्षरे भिंतीवर उभी राहिली. ना सविनय, ना निवेदन.

खुशालराव पडद्याजवळ गेले, मग मागे आले. "हे... हे वऱ्हाडी कधी शिकलं?"

"अवो अध्यक्ष," माणिकबाई म्हणाल्या, "भिताडाले काय पाहता? हे बुवा केव्हाचे शालीखाली बोटं हालवून राहिले. मले वाटलं खाज सुटली!"

साठ माना माझ्याकडे वळल्या. फोन शालीतून निसटून मंचावर पडला. तो उचलायला वाकलो, तर नारळही गडगडत गेला.

मागच्या रांगेतून गोपाल उठला. "म्हन्जे माह्या बायकोचं ते पुस्तक... तुमी सांगतलं?"

"बस खाली," शेजारून दामिनी म्हणाली. तो बसला. मग जे हसणे सुरू झाले, त्यात कोण कोणाला हसत होते ते सांगणे कठीण. खुशालराव वर्षालीकडे वळले. "तुले माईत होतं?"

"हो," ती म्हणाली.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी विचारलं काहून नाई?"

आभारप्रदर्शन राहूनच गेले. चहा आणि जिलेबी वाटली गेली. लोक माझ्याभोवती जमले. सूर्यभानने बोंडअळीचे पुढचे पुस्तक मागितले. माणिकबाईंनी, पहाटे चारला का उठता, पोट बरे नाही का, असे विचारले. मी सगळ्यांना 'हो' म्हणत राहिलो. खुशालराव मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर एकटेच, मान मोबाईलमध्ये घालून बसले होते. बाजारात आता काय तोंड दाखवायचे, हे त्यांच्या पाठीवरूनही वाचता येत होते.

माझा फोन वाजला. खिडकीत प्रश्न होता, सभासद क्रमांक एक, म्हणजे अध्यक्षांचा.

'उद्या अकरा वाजता कोन असते तिथं?'

ते चार हातांवर होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही, त्यांनीही पाहिले नाही. मी लिहिले, 'मी असतो.'

मग आले, 'मंग एक सांगा. शुगर निघाली म्हन्ते डॉक्टर. काय खावं, काय नाई, असं एखादं पुस्तक हाये का? कोनाले सांगू नका.'

'कपाट तीन, वरची ओळ,' मी लिहिले. 'पेपरात गुंडाळून ठेवतो. कोणाला कळणार नाही.'

खुशालरावांनी ते वाचले, घसा खाकरला आणि हातातली अर्धी जिलेबी हळूच शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिली.