रस्त्यापलीकडचे सिनेटर

शेजारची केझाया दहा वर्षांची. ती पोटात असतानाच तिचे वडील रॉन्डेल तुरुंगात गेले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, आता दूर केंटकी राज्यातल्या तुरुंगात आहेत. कोवळ्या वयात शिक्षा झालेल्यांचे प्रकरण न्यायाधीशांनी पुन्हा पाहावे, असा कायदा आमच्या वॉशिंग्टन या राजधानीच्या शहर परिषदेने केला. रॉन्डेलच्या वकिलाने अर्जही तयार ठेवला. पण आमचे कायदे देशाच्या संसदेला रद्द करता येतात, आणि सिनेटमध्ये, म्हणजे प्रत्येक राज्यातून दोन सिनेटर निवडून जातात त्या सभागृहात, मतदान गुरुवारी होते.

बुधवारी शाळा सुटल्यावर केझाया माझ्याकडे आली. कायदा रद्द करू नका असे सांगायला सिनेटरना फोन करायचा म्हणाली. मी कागदावर लिहून दिले: आधी नाव, मग पत्ता, मग काम. चाळीस वर्षे मी शाळेत मुलांना असेच शिकवत आले.

पत्ता ऐकताच फोनवर सिनेटरच्या कार्यालयातल्या तरुणाने राज्य विचारले. आमचे शहर कुठल्याच राज्यात येत नाही, ती म्हणाली. तो गोड आवाजात म्हणाला, मग तुझ्या सिनेटरना फोन कर.

"आम्हाला सिनेटर नाहीत."

आम्ही फक्त आमच्या राज्यातल्या लोकांचे म्हणणे लिहून घेतो, असे त्याने सांगितले. आणखी चार कार्यालयांत हेच झाले.

आमच्या रस्त्याची पलीकडची बाजू मेरीलँड राज्यात येते. तिथे पायरीवर बसलेले पर्व्हिस नेहमीसारखे ओरडले, "मिस ऑगस्टा, या माझ्या अंगणात. दोन सिनेटर फुकट."

केझाया हसली नाही. "त्यांचा पत्ता सांगू?"

"तो तुझा नाही, बाळ," मी म्हणाले.

"बाबा तर माझेच आहेत ना?"

 मग मीच तिचा हात धरून रस्ता ओलांडला.

पर्व्हिसच्या पायरीवरून तिने मेरीलँडच्या एका सिनेटरच्या कार्यालयात फोन केला आणि पर्व्हिसचा पत्ता सांगितला. फोनवरच्या बाईने सगळे शांतपणे लिहून घेतले आणि ती म्हणाली, काळजी करू नकोस, आमचे दोघेही तुमच्याच बाजूने मत देणार आहेत, ते आधीच ठरलंय.

गुरुवारी कायदा रद्द झाला. त्या दोघांनी शब्द पाळला होता, पण कायदा रद्द करायला बाकीच्यांची मते पुरेशी होती.

रविवारी रॉन्डेलचा फोन आला तेव्हा मी केझायाकडेच होते. तू फोन केलास का, त्यांनी विचारले.

"केला, बाबा. त्यांनी लिहून घेतलं."

"शाब्बास. मग आता पुढे काय करायचं?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला.