उत्तप्प्यापुरती तमिळ

क्षमाला तमिळ येत होती ती हॉटेलात बसून शिकलेली. सांबार हवं असेल तर "ऊत्तु" म्हणायचं, म्हणजे ओता. उत्तप्पा हा तव्यावर ओततात म्हणून उत्तप्पा, हेही तिने सांगलीला फोन करून आईला ऐकवलं होतं. आठ महिन्यांत एवढी मजल पुष्कळ झाली, असं तिचं स्वतःबद्दल मत होतं.

ती काम करत होती त्या शोळिंगनल्लूरच्या इमारतीच्या तळघरासाठी पंचवीस फूट खड्डा खणला होता. भोवती लोखंडी पत्र्यांची भिंत, भिंतीपलीकडे जमिनीत तुडुंब पाणी. मातीचा अहवाल क्षमाचा. तिने दोन बोअर घेतले, दोन्हींत बारीक वाळू निघाली, आणि तिने लिहून टाकलं, "सर्वत्र सारखी वाळू." शितावरून भाताची परीक्षा होते. जमिनीची होत नाही, हे तिला शिकवलं होतं, पण परीक्षेपुरतं.

त्या सकाळी तळाला काँक्रीटचा पहिला थर पडायचा होता. गाडी काठावर उभी होती आणि इशारा क्षमाने द्यायचा होता. खाली पद्मनाभराव आणि चार मजूर होते. पद्मनाभराव साइटचे सुपरवायझर, साठीचे, तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी जुन्या पोथीतली, आणि मधूनच तमिळ. फोनवर ते म्हणाले, "क्षमा, येथे ऊत्तु. भिंतीजवळ. ऊत्तु!"

ते नुसती तमिळ बोलले असते, तर तिने कुणाला तरी विचारलं असतं. मराठीतून आलं म्हणून विचारलं नाही. तिने हात वर केला आणि काँक्रीट भिंतीजवळ धो धो उतरलं.

पद्मनाभराव दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होते. तिने काठावरून वाकून पाहिलं. काँक्रीटच्या कडेला, भिंतीला टेकवलेल्या शिडीच्या पायाशी, वाळू भाताच्या आधणासारखी रटरटत होती. वर येणारं पाणी गढूळ होतं.

स्वच्छ पाणी म्हणजे नुसतं पाणी. गढूळ पाणी म्हणजे जमीन निघून चालली. तिच्या दोन बोअरच्या मधून जाड खडीचा पट्टा गेला असणार, एखाद्या बुजलेल्या ओढ्याचा. बारीक वाळूतून पाणी दिवसाला वीतभर सरकतं, खडीतून ते धावतं. एक तोंड बुजवलं की ते दुसरं काढतं. पहिलं तोंड तिने काँक्रीटने बुजवलं होतं.

चौघे मजूर खड्ड्याच्या मातीच्या उतारावरून वर पळाले. पद्मनाभराव मात्र गुडघ्यापर्यंत रुतले होते, आणि त्यांच्या मागची भिंत बोटभर आत झुकली होती. गाडीवाला उरलेलं काँक्रीट त्या भोकावर टाकायला निघाला.

"नको!" ती मराठीतच किंचाळली. बुजवायचं नव्हतं. पाण्याला येऊ द्यायचं आणि वाळूला अडवायचं, एवढंच करता येण्यासारखं होतं. काठावर खडीचा ढीग होता. इथे खडीला जल्ली म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. "टाका"ला काय म्हणतात, ते काही केल्या आठवेना.

"जल्ली ऊत्तु!" ती ओरडली. "जल्ली ऊत्तु!"

लोक क्षणभर थांबले. मग घमेली भराभर उतारावरून खाली गेली. रटरटत्या वाळूवर खडी पडली, आधी गडप झाली, मग टिकली. त्या खडीवर पाय रोवून दोघांनी पद्मनाभरावांना काखेत हात घालून ओढून काढलं. एक गमबूट आतच राहिला. भिंत आणखी झुकली नाही. हळूहळू खडीतून वर येणारं पाणी निवळलं.

वर आल्यावर पद्मनाभराव धापा टाकत खाली बसले. मग म्हणाले, "जल्लीला ऊत्तु म्हणू नये, पोरी. कोट्टु म्हणावे. ऊत्तु पातळ पदार्थास."

"तुम्हीच म्हणालात ना, ऊत्तु," ती म्हणाली. "मी ओतलं."

"ऊत्तु म्हणजे झराही," ते सावकाश म्हणाले. "झरा फुटला, असे मी सांगत होतो."

बाजूचा एक मजूर "जल्ली ऊत्तु" म्हणून हसला, आणि मग सगळेच हसले, पद्मनाभरावसुद्धा. क्षमाला हसता आलं नाही. ती काठावर उकिडवी बसून खाली बघत होती, पाणी अजून स्वच्छच आहे ना म्हणून.