खडीवरचा सदरा

मी एक जुना सदरा आहे, आणि ह्या घरच्या लेकीचं, पंचफुलाचं, वागणं मला बिलकुल पटलेलं नाही. आज सकाळीच तिनं मला खुंटीवरून ओढलं, बोळा केला आणि उतरंडीच्या मागं कोंबलं. मित्रांनो, सदऱ्याची घडी करतात. बोळा फडक्याचा करतात. एवढं तरी शिकलेल्या पोरीला कळायला हवं होतं.

कारण काय, तर आज तिला बघायला लातूरचे पाहुणे येणार.

मी काही असातसा सदरा नव्हे. अहमदपूरच्या ईश्वरप्पा शिंप्यानं मला पांढऱ्या टेरिकॉटचं शिवलं, लांब बाह्या, दोन खिसे. पंचफुलाचे वडील व्यंकटी मला घालून बाजारात गेले की लोक कापडाला हात लावून बघायचे. लातूर नवा जिल्हा झाला त्या दिवशीही मीच त्यांच्या अंगावर होतो. त्या मिरवणुकीत माझ्यावर गुलाल पडला, तो कॉलरच्या शिवणीत अजून आहे. तेव्हा मला कोणी उतरंडीमागं ठेवत नव्हतं.

मग पाऊस रुसला. विहिरीचा तळ दिसला. व्यंकटी अर्धापूरला केळीच्या बागेत कामाला गेले आणि पंचफुलाची आई, केवळाबाई, खडी फोडायला जाऊ लागली. उन्हानं हात भाजायचे, कपच्या उडून दंडाला लागायच्या. खडीवरच्या सगळ्याच बाया लुगड्यावरून नवऱ्याचा सदरा घालतात, तसा तिनं मला घातला. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता आपले दिवस भरले. पण खरं सांगतो, बाजारात मिरवताना मला जो मान नव्हता, तो ह्या बाईच्या घामानं मिळाला. माझ्या कोपरांना ठिगळं आहेत. ती तिनं स्वतः लावली आहेत, ताठ, बारीक टाक्यांची.

लोकांना मात्र ठिगळच दिसतं. मागल्या साली उदगीरचे पाहुणे न कळवताच यायला निघाले होते. रस्त्याकडेला खडीवर सदरा घालून बसलेली केवळाबाई मध्यस्थानं त्यांना यष्टीतून दाखवली आणि ते फाट्यावर न उतरता तसेच पुढं गेले. तेव्हापासून पंचफुला माझ्याकडं बघितलं की तोंड फिरवते. पोरीची धास्ती मला कळते. हेही स्थळ मोडलं तर गाव तिचं काय करील, हे तिला ठाऊक आहे. त्यातून ह्या लातूरकरांनी आधीच निरोप धाडलेला, की ज्या घरच्या बाया खडीवर जातात तिथं आम्ही सोयरीक करीत नाही. पंचफुलाचे चुलते हणमंतराव त्यांना सांगून मोकळे झाले, की आमच्याकडच्या बाया उंबरासुद्धा ओलांडत नाहीत.

पाहुणे आले. व्यंकटींना अर्धापूरहून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून ओसरीवर त्यांच्यापाशी हणमंतराव बसले. पाय धुवायला घरातली शेवटची घागर गेली. मी मागून सगळं ऐकत होतो. मुलाची आई सुमनबाई बसल्याबरोबर सांगू लागली, की आता आम्ही जिल्ह्याची माणसं, आमच्यात जमिनीवर बसून जेवत नाहीत. बाई, परवापर्यंत तुमचाही जिल्हा उस्मानाबादच होता की! पण मला तोंड नाही.

आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की माझी एक बाही बाहेर राहिली आहे. पंचफुला चुलीजवळ आईला कपबशा देत होती, तिचं लक्ष नव्हतं. मुलाची आई स्वयंपाकघर बघायला आत येतेच, तशी सुमनबाई आली. तिनं डबे बघितले, चूल बघितली. मग माझी बाही धरली आणि ओढली. दोन बोटांत मला उचलून धरून तिनं विचारलं, "हे कुणाचं म्हणायचं?"

पंचफुलानं हातातली बशी खाली ठेवली. तिनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही.

"गड्याचा हाय," ती म्हणाली. "शेतात काम करतो, त्याचा."

मित्रांनो, ठिगळ फाटलं तर परत लावता येतं. आज जे फाटलं, त्याला ठिगळ कुठं लावायचं?

केवळाबाईनं चहाचं पातेलं चुलीवरून खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. सुमनबाईच्या हातातून मला घेतलं, झटकलं, आणि लुगड्यावरून अंगात घातलं. एकेक गुंडी लावली, अगदी गळ्याची सुद्धा. ओसरीवरून हणमंतराव उठून दाराशी आले. सुमनबाई मागं सरली. केवळाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि लेकीसमोर जाऊन उभी राहिली. तिची छाती धडधडत होती, ते फक्त मला कळलं. आवाज मात्र हलला नाही.

"पंचफुले, मी खडीवर जाते म्हणून ही सोयरीक मोडली तर मोडू दे, मी दुसरी बघीन. पण चार लोकांत तू आई लपवायला लागलीस तर सासू कशी सांभाळशील ग? सुमनबाई, माझी पोर रंगानं, कामानं चांगली हाय. पण आज तिनं आईला वळखलं न्हाई. हे बघूनच काय ते ठरवा."